रिकाम्या रस्त्यावरचा डिपर

गाडीच्या दिव्यांनी आपला अप्पर-डिपर आपणच करावा, की ते काम चालवणाऱ्याच्या हातात राहू द्यावं, या विषयावर चार शहाणी माणसं बोलायला बसली की त्यातली दोन तरी रुसून उठतात. काटासाहेबांच्या इमारतीत चौघेही उठले होते. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आज दिवा तुमचं ऐकत नाही, उद्या ब्रेक ऐकणार नाही." दुसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर म्हणाले, की समोरून कोणी आलं तर झोत खाली घेणं हा शिष्टाचार आहे, आणि शिष्टाचार यंत्राला कळत नाही. तळमजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, की ज्याची नजर चांगली आहे त्याला असली थेरं लागतातच कशाला? यावर काटासाहेब म्हणाले, "गाडी माझी आहे," आणि तरातरा जिना चढून घरी गेले.

काटासाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली आणि बाजाराने हे नाव त्यांना चिकटवलं. आपण रस्त्याने नुसते चालत गेलो तरी दुकानांतले तराजू सरळ होत, असं ते सांगत. दुकानंच बंद होत, असं त्यांची बायको सांगे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दवाखान्यात वजनाला उभं केलं तर हे आधी खाली उतरून, वाकून, काटा शून्यावर आहे का ते बघत. "आधी रिकामं पारडं बघायचं," हे त्यांचं जगाला सांगणं. "पारड्यात काही नाही आणि काटा हललाय? मग पुढे काही मोजूच नका. यंत्र खोटं!" होणाऱ्या जावयालाही पहिल्याच भेटीत त्यांनी हे ऐकवलं होतं. तो बिचारा कशाला तरी हो म्हणतोय अशा चेहऱ्याने हो म्हणाला.

तर या माणसाने ते आपोआप वरखाली होणारे दिवे घेतले कशासाठी? नातीसाठी. लेक तलावापलीकडे राहायची. शनिवारी तिला आणि जावयाला दोघांनाही कामावरून उशीर, आणि नात, घरातली चिमणी, शेजाऱ्यांच्या सोफ्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची. आजोबांनी तिला संध्याकाळी घेऊन यायचं, रविवारभर लाड करायचे आणि परत सोडायचं, असा काटासाहेबांचा बेत. त्यांनी तिच्यासाठी खोलीत वेगळी गादीसुद्धा घालून ठेवली होती. पण लेक ऐकेना. "बाबा, दिवस केवढे लहान झालेत. अंधारात त्या बांधावरून तुम्ही गाडी आणणार आणि त्यात मी माझी पोर बसवणार? नाही जमायचं."

"माझ्या नजरेवर शंका घेतेस? डॉक्टरांचा दाखला आहे माझ्याकडे!"

"दाखला असू दे. महिनाभर एकटे येऊन-जाऊन दाखवा. आधी रिकामं पारडं, तुम्हीच म्हणता ना? आधी रिकामी गाडी आणून दाखवा. नीट जमलं तर चिमणी तुमची."

आपलंच वाक्य आपल्या तोंडावर आलं होतं. काटासाहेब दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन ते दिवे असलेलीच गाडी घेऊन आले.

आता नजरेचं म्हणाल, तर या इमारतीसारखी नजर दुसरीकडे शोधून सापडली नसती. डॉक्टर छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे एकाही पुरुषाला चष्मा नाही. इथलं पाणीच तसं आहे. बायकांची नजर मात्र लवकर जाते बघा, का कोण जाणे." डॉक्टरांच्या दवाखान्याचा बाहेरचा हॉल मोठा, खुर्च्याही भरपूर, म्हणून सोसायटीची मीटिंग तिथेच भरायची. सेक्रेटरी मागच्या मीटिंगचा वृत्तान्त वाचायला लागले की डोळ्यांना कुठेतरी टेकायला जागा लागते, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता सोडला तर टेकण्यासारखं काही नव्हतं. पाण्याच्या टाकीवर वर्षानुवर्षं चर्चा झाली, लिफ्टवर झाली, आणि तक्ता समोर होता. तळची सगळ्यात बारीक ओळ, ण ब घ थ म छ, ही तर सेक्रेटरी दाढी करतानासुद्धा गुणगुणत. मीटिंगला बायका येत नसत. काटासाहेबांची बायको म्हणायची, "तुमची ती टाकी ऐकत बसायला मला वेळ नाही." तिला मात्र डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत जाड भिंगांचा चष्मा लावला होता.

काटासाहेबांची चाचणी सुरू झाली. संध्याकाळचा चहा घेऊन निघायचं, लेकीच्या दारात हजेरी लावायची, चिमणीच्या गालाला हात लावायचा आणि परत. बांधावर पोचेपर्यंत अंधार पडलेला असे. बांध म्हणजे एका अंगाला तलावाचं काळं पाणी, दुसऱ्या अंगाला झुडपांचा उतार आणि मधे एक अरुंद रस्ता. खांब होते, पण खांबावर दिवे लावायचे कोणी यावर दोन खात्यांचा वाद चालू होता, त्यामुळे नुसते खांब. गाडीचा लांब झोत त्या खांबांवरून एकेक करत पुढे जाई. पहिल्या संध्याकाळी काटासाहेब मजेत होते. शीळसुद्धा घालत होते म्हणे. पंपघराच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे पोचले आणि झोत एकदम खाली आला. आपण गप्पा मारत असावं, खोलीत कोणीतरी यावं आणि आपण गप्प व्हावं, तसा.

त्यांनी समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. गाडी नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. पाण्याचा वास येत होता आणि इंजिनाचा बारीक आवाज. दिवे थोडा वेळ मान खाली घालून राहिले, आणि मग जवळून कोणी निघून गेल्यावर वर बघावं तसे हळूच वर आले. काटासाहेबांनी शीळ पुन्हा घालायचा प्रयत्न केला, पण ओठ कोरडे पडले होते.

दुसऱ्या संध्याकाळी तेच वळण, तोच डिपर. तिसऱ्या संध्याकाळीही तेच. त्यात त्यांना एक नवीन गोष्ट दिसली, आणि ती दिसली नसती तर बरं झालं असतं. दिवे खाली गेले तेव्हा समोर, हवेत, एक फिकट डाग तरंगत होता. दिवा म्हणावा तर कडा नाहीत, धूर म्हणावा तर आतून पिवळा. त्याच्याखाली काही नाही, मागे काही नाही. डाग मोठा होत होत बाजूला सरकला आणि विझला. ते लेकीच्या दारात पोचले. "काय बाबा, रस्ता कसा होता?" लेकीने विचारलं. "रिकामा," काटासाहेब म्हणाले. खोटं बोलले नाहीत ते. त्यांच्या मते रिकामाच होता.

पण माणूस खात्यातला. भुताला भ्यायचं की यंत्राला धरायचं, असा प्रश्न आल्यावर त्यांनी यंत्राला धरलं. रिकाम्या रस्त्यावर दिवा हलतो म्हणजे रिकाम्या पारड्यावर काटा हलतो. यंत्र खोटं! सकाळीच सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन उभे राहिले. टाय लावलेल्या एका माणसाने कॉम्प्युटर उघडला.

"तक्रार काय टाकू?"

"समोर कोणी नसताना डिपर होतो."

"असा पर्याय नाहीये, काका. 'डिपर होत नाही' असा आहे."

"होत नाही असं नाही. होतो. होतो हीच तक्रार आहे."

"मग चांगलंय की!" तो खूश होऊन म्हणाला. गाडी दोन दिवस ठेवून घेतली, तपासली आणि अभिनंदन करत परत दिली. यंत्र एकदम बरोबर, समोर कोणी असलं तरच वाकतं. "नक्की कोणी नव्हतं का, काका?" असं जाता जाता त्याने विचारलं. काटासाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्या बाजाराची वजनं ज्याने पकडली त्याला हा पोरगेला टायवाला विचारतो, की नक्की का? ते तडक वाहतूक कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गाडीत दोष असेल तर कंपनीकडे जा, रस्त्यात दोष असेल तर रस्तेवाल्यांकडे, आणि दोन्हींच्या मधे काही असेल तर त्याचं टेबल इथे नाही.

मग व्हायचं तेच झालं. प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. अक्षरांच्या तक्त्याखाली बसून सेक्रेटरींनी आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "मी बोलणार नव्हतो. पण बांध बांधत होते तेव्हा एक मुकादम रात्रीचा कंदील घेऊन फेरी मारायचा. एका रात्री कंदील सापडला, मुकादम नाही." हे त्यांना कोणी सांगितलं होतं? तर ते आठवत नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, की पलीकडच्या काठावरच्या दिव्यांचं पाण्यात प्रतिबिंब पडतं आणि यंत्र फसतं, साधं भौतिकशास्त्र आहे. "मग आज येता का बरोबर?" असं विचारल्यावर भौतिकशास्त्र जरा मागे सरकलं. डॉक्टर म्हणाले, "भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मात्र मी मागच्या सीटवर बसेन. मधोमध."

अशी चौघांची समिती त्या संध्याकाळी निघाली. काटासाहेब स्टिअरिंगवर, शेजारी प्रोफेसर, मागे सेक्रेटरी आणि डॉक्टर, एकमेकांना चिकटून, जागा भरपूर असताना. बांध लागला तशा गप्पा विरल्या. खांब येत होते आणि जात होते. "वळण आलं," काटासाहेब म्हणाले, आणि बोलता बोलताच दिवे खाली गेले.

"बघा! समोर बघा सगळ्यांनी! कोणी आहे?"

चार चांगल्या दाखलेवाल्या नजरा काचेला लागल्या. "कोणी नाही," प्रोफेसर म्हणाले. "कोणी नाही," डॉक्टर म्हणाले. सेक्रेटरींनी फक्त मान हलवली, त्यांची बोबडी वळली होती. कारण तो पिवळा डाग चौघांनाही दिसत होता. खाली माणूस नाही, मागे वाहन नाही, नुसता डाग, हलत हलत जवळ येणारा. गाडी जवळजवळ थांबलीच होती. प्रोफेसरांनी शास्त्राच्या हट्टापायी काटासाहेबांना त्यांच्या बाजूची काच खाली करायला लावली, आणि तेवढ्यात काटासाहेबांच्या कानाजवळ, हाताच्या अंतरावर, कोणीतरी खोकलं.

मोठा, ओला, थंडीतला खोकला. नंतर चाकासारखं काहीतरी कुरकुरलं आणि दूर गेलं. दिवे वर आले. रस्ता रिकामा.

समिती तशीच परतली. इमारतीत शिरल्यावर सेक्रेटरी एवढंच म्हणाले, की मुकादमालाही खोकला होता. हे त्यांना आत्ताच आठवलं होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती कपडे घड्या करत होती. "मी येते एकदा बरोबर," ती म्हणाली.

"तू? चौघांना दिसलं नाही ते तुला या चष्म्यातून दिसणार?"

"नाही दिसलं तर नाही दिसलं. पण भुताला खोकला झालेला मी काही ऐकला नाही बाई."

काटासाहेब घुश्शातच निजले. एकीकडे अपमान, दुसरीकडे भीती, आणि या दोन्हींच्या खाली चिमणीची ती रिकामी गादी. महिना संपत आला होता. लेकीला हे कळलं की बाबा भुतांच्या रस्त्याने गाडी चालवतात, तर शनिवार कायमचे गेले. तेव्हा यंत्राचं तोंडच बंद करायचं असं त्यांनी ठरवलं. गाडीत त्यासाठी एक बटण होतं. सेक्रेटरींनीच सुचवलं, "अहो, दिवा त्याला मान देतो म्हणून तो रोज येतो. मान देणं बंद करा!" समितीने एकमताने ठराव केला. प्रोफेसरांनीसुद्धा हात वर केला.

त्या संध्याकाळी काटासाहेबांनी बटण बंद केलं आणि अप्पर लावून निघाले. वळण आलं. दिवे ताठ राहिले. डाग आला, पण या खेपेला तो डाग एकाएकी थरथरला, आडवातिडवा झाला, आणि गाडीच्या अंगाला टक्क असा आवाज झाला. एवढंच. किंकाळी नाही, काही नाही. काटासाहेबांनी मागच्या आरशात पाहिलं तर काळोख. ते थांबले नाहीत. कोण थांबलं असतं? पाचावर धारण बसलेली, पाय ॲक्सिलरेटरवर. लेकीच्या दारात उतरून पाहिलं तर त्यांच्या बाजूचा बाहेरचा आरसा मिटून आत वळला होता. वारा नव्हता, गाडीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी हळूच तो उघडला. तो नीट उघडला गेला, ओरखडासुद्धा नव्हता, आणि याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

त्यानंतर बांधावर डाग दिसला नाही. वळणावर कोणीच नसे. सेक्रेटरींनी पेढे मागितल्यासारखा चेहरा केला. "गेला की नाही? गेला!" काटासाहेब हो म्हणाले खरे, पण कुठे गेला, हे कोडं त्यांना झोपेतही सुटेना.

आणि शनिवार उजाडला. लेकीचा फोन आला, "या बाबा. पास झालात. आज पहिला दिवस म्हणून मी रजा घेतलीय. चिमणी केव्हापासून दप्तर भरून बसलीय." हा फोन ज्या दिवसासाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला त्या दिवसाचा, आणि काटासाहेब किल्ली हातात धरून तसेच बसून राहिले. बायको चपला घालून आधीच दारात उभी होती. "आज मी येणार. नातीला आणायला आजी नको?" गाडीत बसल्यावर तिने चष्मा पदराने पुसला आणि विचारलं, "ते तुमचं दिव्याचं बटण कुठलं?"

"बंद केलंय ते."

"चालू करा."

"अगं, पण..."

"चालू करा म्हणते ना! पोर बसायचीय गाडीत."

त्यांनी चालू केलं. बांध लागला. दिवस मावळून गेला होता, पाणी दिसत नव्हतं, फक्त आहे हे कळत होतं. पहिला खांब गेला, दुसरा गेला. काटासाहेबांचे हात स्टिअरिंगला घट्ट धरून होते. वळण आलं, आणि बटण बंद केल्यापासून जे घडलं नव्हतं ते घडलं. दिवे खाली वाकले.

काटासाहेबांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. समोर रिकामा रस्ता. डागही नव्हता. असला तर अगदी कडेला, झुडपांपाशी, न हलता उभा.

"परत आला," ते कसेबसे म्हणाले.

"कोण?"

"तो. बघ दिवे. समोर कोणी नाही आणि दिवे खाली!"

बायकोने समोर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो," ती म्हणाली, "तो बघा ना. पिवळ्या दिव्याची सायकल धरून उभा आहे. झुडपांकडे पाठ करून. तुम्हाला दिसत नाही?"

"कुठे?"

"त्या खांबापाशी. मफलर बांधलाय. हात गळ्यात बांधलाय त्याने. अहो, आपल्याकडेच बघतोय!"

काटासाहेबांनी डोळे फाडून पाहिलं. खांब होता, आणि खांबाजवळ काळोख जरा दाट होता. बस्स. बायकोने त्यांना त्यांच्या बाजूची काच खाली करायला लावली आणि त्यांच्या अंगावरून वाकून हाक मारली, "ओ दादा! इकडे या जरा!" काळोखातून पावलं येऊ लागली. पावलं येत होती आणि माणूस येत नव्हता. पावलं अगदी दारापाशी आली, ओळखीचा तो ओला खोकला आला, आणि मग, खिडकीच्या काचेएवढ्या अंतरावर, कोणीतरी आतून बाहेर ढकलल्यासारखा एक चेहरा आला. थकलेला, पांढऱ्या मिशांचा, साधा जिवंत चेहरा.

तो पंपघरात रात्रपाळीला जाणारा माणूस होता. तोही घाबरलेला होता. आत वाकून त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग काटासाहेबांकडे, आणि एक बोट लांबवून त्यांच्या बाहीला जरासं लावून पाहिलं.

"म्हणजे माणूस आहे तर आत," तो म्हणाला.

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"रागावू नका, ताई. महिनाभर बघतोय. गाडी लांबून येते, मला बघून दिवे खाली करते. मला बरं वाटायचं. इथे सायकलवाल्यासाठी कोण दिवे खाली करतो? म्हणून मी रोज हात करायचो. पण आत बसलेला माणूस काही बघायचा नाही. डोळे उघडे आणि माझ्यातून आरपार बघायचा. एकदा तर चौघे होते. मी हात केला, चौघेही माझ्याकडे तोंड करून बसलेले आणि एकाचीसुद्धा नजर माझ्यावर नाही. मला थंडी भरून आली. पंपघरात सांगितलं तर हसले मला. मी म्हटलं, हसा. पण त्या गाडीत जे काही जिवंत आहे ना, ते दिव्यात आहे."

"आणि हे?" बायकोने त्याच्या गळ्यातल्या हाताकडे बोट दाखवलं.

"त्या दिवशी गाडीने दिवे खाली केलेच नाहीत," तो म्हणाला. "आरसा लागला. खाली झुडपांत गेलो. नशीब, पाण्याच्या बाजूला नाही गेलो. आज पहिल्यांदाच परत पाळीवर निघालोय, तर लांबून हे दिवे दिसले. म्हटलं, गाडी जाईपर्यंत इथंच उभं राहावं."

काटासाहेबांना आपल्या बाहीवरचं त्याचं बोट अजून जाणवत होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. आयुष्यात कधी केले नव्हते तसे त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले, आणि त्यांना रडू आलं. मोठ्याने, लाज न बाळगता. "मी तुम्हाला पाहिलं नाही हो," ते म्हणत राहिले. "मी तुम्हाला पाहिलंच नाही." तो माणूस बिचारा अवघडून गेला आणि म्हणाला, "असू दे, असू दे. आत आहात हेच पुष्कळ झालं."

मग त्यांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "कुठे राहिलात बाबा? चिमणी दारात उभी आहे."

"तिला माझ्या गाडीत बसवू नकोस," काटासाहेब म्हणाले. एवढं वाक्य म्हणायला त्यांना फार वेळ लागला. "तू ये. आम्हाला बांधावरून घेऊन जा."

लेक चिमणीला घेऊन रिक्षाने आली, पुढे गाडी तिने चालवली. चिमणी मागे आजीच्या मांडीवर होती. पंपघराच्या माणसाला त्याच्या सायकलीसकट फाटकापर्यंत पोचवलं, तेव्हा चिमणीने त्याला टाटा केला. काटासाहेबांनीही केला, साधारण त्याच दिशेला.

पुढच्या मीटिंगला काटासाहेब सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. गाडीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली होती. माणसं जमली. मुकादम गेल्याबद्दल सेक्रेटरींनी अभिनंदनाचा ठराव मांडायला घेतला, तेव्हा काटासाहेब उठले. "ठराव नंतर. आधी एक तपासणी करू. डॉक्टर, तुम्ही तुमच्या खुर्चीवर बसा. सेक्रेटरी, तुम्ही दारापाशी उभे राहा आणि तो तक्ता वाचा."

"हा काय पोरखेळ?" सेक्रेटरी म्हणाले, पण जाऊन उभे राहिले. छाती पुढे काढून त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली. एकही अक्षर अडलं नाही. मधल्या ओळी त्यांनी चालीत म्हटल्या आणि शेवटच्या ओळीला आवाज जरा चढवला. "ण, ब, घ, थ, म, छ!"

"अगदी बरोबर," डॉक्टर खुर्चीवरून म्हणाले. "शंभर नंबरी नजर! प्रोफेसर, तुम्ही या."

प्रोफेसर आले. त्यांनीही वाचलं. डॉक्टरांनी पुन्हा शाबासकी दिली. काटासाहेब भिंतीला लागून उभे होते. लोक जमायच्या आधीच त्यांनी स्वतःच्या हाताने तो तक्ता उलटा करून लावला होता. भिंतीवर कोरा पांढरा पुठ्ठा होता, आणि बाहेर अंगणात सगळ्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

"टेबलावर ठेवा," काटासाहेब म्हणाले.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"किल्ल्या."